हक्कसोड

उद्यमनगरातला गाळा, दोन लेथ, एक ड्रिल
आणि आबांच्या तेलकट हाताचा ठसा असलेलं कपाट,
एवढ्यावरचा माझा हक्क मी सोडलो
दुय्यम निबंधकाच्या टेबलावर, दुपारी सव्वाबाराला.
अंगठ्याची शाई रात्रीपर्यंत गेली नाही.
बाहेर जोतिराम म्हणाला, आक्का, चहा घेऊया.
मी घेतलो नाही.
त्यानंतर अकरा वर्षं आमच्यात चहाच झाला नाही.

मग माझ्या हाडातला मगज नासला.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सख्ख्या भावंडाचं जुळतं चारात एकदा.
रिपोर्ट आला : दहापैकी दहा.
कुंडली जुळावी तसा, लग्न मोडल्यानंतर.

तो आला. नखांत वंगण तसंच.
चार तास यंत्राला जोडून पडला,
एका दंडातनं रक्त जात होतं, दुसऱ्यातनं परत येत होतं.
पिशवी एवढीशी, टोमॅटोच्या सारासारखी.
माझ्यात उतरताना
काहीच वाटलं नाही.

सतराव्या दिवशी आकडा हलला. नर्सनं पेढा वाटला,
मला सोडून सगळ्यांना.
अठ्ठाविसाव्या दिवशी तळहात लाल झाले.

त्याच्या पेशी घरात शिरल्या होत्या.
खिडक्या-दारं मोजून झाल्यावर
मलाच विचारायला लागल्या, तुम्ही कोण?
कातडीला विचारलं. यकृताला विचारलं, डोळे पिवळे होईस्तोवर.
आतड्याला तर दिवसातनं अकरा वेळा विचारलं.
काय सांगणार?
उताऱ्यावर नाव कुठं होतं माझं?
सही मीच करून बसलेलो.

यांना गप्प करा, मी बाईंना म्हणालो.
करते, त्या म्हणाल्या, पण पूर्ण नाही.
थोडं भांडण राहू दे.
हीच भांडकुदळ पोरं जुना आजार हुडकून हुडकून मारतायत.

शेजारच्या खोलीत चिकोडीचे बाळगोंडा होते.
पुरळ नाही, जुलाब नाही, रोज गुळगुळीत दाढी.
सगळा वॉर्ड त्यांचा हेवा करायचा.
त्यांच्या अंगात कोण कुणाशी भांडलंच नाही,
आणि चौथ्या महिन्यात आजार परत आला.
जाताना त्यांच्या बायकोनं थर्मास मला दिला.
झाकण सैल आहे. तरी वापरतो.

आता डोळे कोरडे.
रडू आलं तर आधी थेंबांची बाटली शोधायला लागते.
कांदा-लसूण चटणीचा नुसता वास घेतो
आणि दूधभात खातो, कोल्हापुरात राहून.
जोतिरामला लहानपणापासनं वांगं चालत नाही.
मला चालायचं.
परवा भरलं वांगं खाल्लो, तर ओठ सुजले.
रेशनच्या दुकानात यंत्र माझा अंगठा ओळखत नाही,
सोलून सोलून रेषा गेल्यात.
ज्या अंगठ्यानं सोडलो, तो अंगठाच राहिला नाही,
हे कुठल्या कचेरीत सांगायचं?

वर्षानं तपासणी झाली. रक्त शंभर टक्के त्याचं.
बाई हसून म्हणाल्या, रक्तापुरत्या तुम्ही आता पुरुष.
मी म्हणालो, बाई, तुम्ही पुण्याच्या.
आम्ही इथल्या बायका जन्मभर
येतो, जातो, जेवलो असंच बोलत आलोय.
रक्तालाच उशिरा कळलं.

सोमवारी उद्यमनगर बंद.
जोतिराम येतो, स्टूल ओढून बसतो.
गाळ्याचा विषय तो काढत नाही, मीही काढत नाही.
बघू हात, म्हणतो.
तळव्यावर बोटभर लाली दिसली
की दोघंही जरा निवांत.
नसली
तर उठून दारापर्यंत जातो, परत येतो,
कप खाली ठेवतो,
आणि मुद्दाम कायतरी काढतो भांडायला.
साखर किती घातलीस गं, म्हणतो.