लेबलाची मागची बाजू

शिसपेन्सिलीनंच लिहायचं.
शाई स्पिरिटात आठवड्याभरात फिटते.
पहिल्या वर्षी माझ्या हातून चौदा बरण्या निनावी झाल्या,
सर रागावले नाहीत,
पेन्सिलींचा खोका टेबलावर ठेवून गेले.

बावीस वर्षं झाली त्याला.
बांगडा : रास्ट्रेलिगर कानागुर्ता.
पहिला शब्द दाताळ्याचा, त्याच्या कल्ल्यांत दाताळं असतं म्हणून.
दुसरा तेलुगू.
पलीकडच्या किनाऱ्यावर कुणा साहेबानं
होडीतल्या माणसाला विचारलं असणार, हे काय?
आणि तो जे म्हणाला
ते लॅटिनच्या शेजारी जाऊन बसलं, अजून उठलेलं नाही.
मुडदुशी : सिलागो सिहामा.
तिथंही शेपटाला अरबांचा शब्द.
म्हणजे विचारायची रीत होती एके काळी.

आईची कुळं वेगळी.
बेतूलच्या धक्क्यावर टोपली उतरली की
ती बोटांनीच गण पाडायची.
बाळंतिणीला चालणारे.
सोमवारी किरिस्तांव गिऱ्हाइकासाठी झाकून ठेवायचे.
काटेच काटे, पण हुमणाला गोड.
मोरी आणि सांगट तिच्या लेखी सख्खी भावंडं,
दोघांनाही खवले नाहीत, म्हणून.
मी सांगितलं, अगं मोरीला हाडंच नसतात,
वर्गच निराळा.
ती म्हणाली, हाडं नाहीत तर तो चावतो कशानं?

तिचीही समनामं बरीच आहेत.
मतदार यादीत द्रौपदी,
रेशनकार्डावर दुरपता,
बाजारात दुर्पें.
ग्राह्य कुठलं ते सरकारनं अजून ठरवलेलं नाही.

तर, तो मासा.
अंगठ्याएवढा, मातकट,
खाजनातल्या मानशीपाशी, ओहोटी सरताना सापडणारा.
आईनं दह्याच्या डब्यातून आणून दिला.
म्हणाली, तुमच्या बरण्यांत हो नासतलो.
सरांनी भिंगाखाली धरला.
पाठीवर काटे सहा, मग एक नि दहा,
पोटाचे पर जुळून इवलीशी वाटी.
तीन महिने पुस्तकं चाळली, दोन देशांना पत्रं गेली,
आणि एका दुपारी सर खुर्चीतून उठून
उगाचच खिडकीपर्यंत जाऊन आले.
कुठंच नव्हता तो.

मी आईला विचारलं. तिला काय नवल!
हो भाटकार.
गाल फुगोवन दारांत बसता, काम कांय ना.

सरांना सांगितलं तेव्हा ते मोठ्यानं हसले,
मग हसायचे थांबले.
त्यांचं आडनाव इथं लिहीत नाही.
आमच्या घराखालची जमीन आता आमची आहे,
आधी कुणाची होती ते आई सांगेल.

नियम असा, की ज्यानं आधी छापलं त्याचं नाव खरं.
आईनं चाळीस वर्षं नुसतं ओरडून सांगितलं,
तेही पावसात, छत्रीखालून.
निबंध आला. लॅटिनमध्ये ‘फुगीर गालांचा’,
इथवर दोघांचं एकमत.
खाली बारीक टायपात :
स्थानिक नाव आढळले नाही.

आता तो एकटा बरणीत,
चिखलातल्या सगळ्या भावंडांच्या वतीनं.
मी लेबल लिहिलं. क्रमांक, तारीख, भरतीची वेळ,
संकलक म्हणून सर.
मग कागद उलटा केला.
त्याच पेन्सिलीनं, जरा दाबून :
भाटकार. दुर्पें पागी, बेतूल.
आत सोडताना लॅटिन काचेकडे ठेवलं,
हे माशाकडे.

संध्याकाळी घरी पोचले तर आई विळा धूत होती.
मान वर न करता म्हणाली,
खपलो मगो? कितल्याक?