कमी चिंतेचा

जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अलीकडं
अकरा केव्हीची लाईन रान चिरून जाते.
तिच्या दोन्ही अंगांना जागा मोकळी ठेवायची,
एवढंच माझं काम. बावीस वर्षं.
कोयता, दोर, रबरी मोजे,
आणि एक वही, जिच्यात झाडाला नाव नसतं,
फक्त खांबाचा नंबर.

एकशे चौदाजवळ किंजळीची वाळकी फांदी वाकवली
तर ढोलीतून पानांचा बोळा हातात आला,
ऊबदार.
आत तो. वेटोळं करून सुपारीएवढा,
विटकरी पाठ, पांढरं पोट,
शेपूट अंगाहून लांब,
कुणाची तरी उसनी आणल्यासारखी.

खाली परशा कोळापटे दोर धरून.
"काय गावलं वो?"
"उंदीर."
"मग टाका की. उंदरासाठनं काय थांबूलासा?"

थांबलो ते त्याच्या हातामुळं.
पहिल्या आणि शेवटच्या बोटाला
नखी नव्हती, नख होतं,
चपटं, माझ्या करंगळीला आहे तसं.
त्या बोटांनी त्यानं माझ्या मोज्याची शिवण
अशी धरली होती
जशी मी फांदी धरतो, खाली न बघता.

बोळा परत ढोलीत कोंबला.

मग धारवाडच्या नागवेणी हिरेमठ आल्या.
आठवडाभर रात्री लाल बॅटरीनं झाडं चाळली.
त्यांना मराठी थोडी, मला कन्नड कामापुरतं,
उंदराला दोन्ही नाही.
कागदावर त्यांनी त्याचा पत्ता मांडला:
सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल.
म्हटलं, बाई, ही तर पत्रिकाच झाली,
गण जुळला, कुल जुळलं, आता मुहूर्त काढा.
त्या हसल्या.
पण 'जाती'पुढं त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं.
दक्षिणेकडचे याच्यासारखे दिसणारे
हेच, की निराळे,
यावर पुस्तकं अजून भांडतात म्हणे.
आमच्याकडं पाट्या भांडतात.
सेक्शन ऑफिसच्या पाटीला दोनदा काळं फासलं,
वीज त्याच तारेतून येत राहिली.

कागदाच्या तळाशी शेरा: चिंता कमी.
म्हणजे?
म्हणजे, नाहीसा व्हायला अवकाश आहे.
मोजले किती?
या बाजूला कुणी मोजलेच नाहीत.
न मोजता चिंता कमी, हे ओळखीचं वाटलं.
आमच्या वाडीचा व्होल्टेजचा अर्ज
असाच निकाली निघाला होता.

पुढच्या मे महिन्यात एकशे चौदा पुन्हा यादीत.
हातभर छाटली, ढोलीच्या अलीकडं थांबलो.
वहीत लिहिलं, 'फांदी काढली.'
बावीस वर्षांतलं पहिलं खोटं,
म्हणजे पहिलं लेखी.

आषाढात एका रात्री ती तारेला घासली.
फ्यूज उडाला, तीन वाड्या काळोखात.
फोनवर फोन: दळण अर्ध्यावर राहिलंय,
पोरगं परीक्षेला बसलंय, काय करूलासा तुम्ही?
चूक माझीच होती, कुणाला सांगणार.

शिडी लावली. बाईंनी दिलेली लाल बॅटरी दातांत.
तार मेलेली. तिच्या खालच्या वेलीवरून
काहीतरी चाललं होतं,
शेपूट वेलीला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत,
इतकं सावकाश
की त्याला घाई म्हणजे काय ठाऊकच नसावं.
ढोलीशी थांबलं. मिशा हलल्या.
गेलं.

खालून परशा: "चढूलासा की उतरूलासा?"

कोयता कमरेला होता.
मी दोन्ही हातांनी फांदी धरून होतो.