शब्दकोशात जोडा

बर्डीच्या दुकानदारानं काउंटरवर पाच कीबोर्ड मांडले.
बाबांनी एकालाही हात लावला नाही,
कान पुढे केला.
म्हणाले, वाजवून दाखव.

लाल स्विच म्हणजे पिठात बोट घातल्यासारखं.
तपकिरी धड इकडचा ना तिकडचा.
निळा मात्र टक् करून बोलला.
"हा दे. आवाज नाही आला
तं मले कसं समजन अक्षर पडलं म्हणून?"

एकतीस वर्षं जिल्हा कोर्टासमोर टिनाखाली टेबल:
शालिकराम हेडाऊ, अर्ज, शपथपत्र, करारनामा.
मशीन कधीच भंगारात गेलं.
मागच्या मे महिन्यात अर्धांगाचा झटका आला,
उजवा हात तेव्हापासून रुसलेला.

घरी कुलरसमोर मी लेआउट शोधत बसले.
इनस्क्रिप्टमध्ये स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे.
"पंगतीत बाया एकीकडं, मानसं एकीकडं," बाबा हसले.
फोनेटिक दाखवलं, तर भडकलेच.
"मराठी लिहाले आधी इंग्रजी? काहून?"
रेमिंग्टन सापडलं सेटिंगच्या पार तळाशी,
ट्रंकेत जुनं धोतर सापडावं तसं.

डाव्या हाताची बोटं न विचारता जागेवर गेली.
उजव्याला सगळं आठवत होतं
आणि काही जमत नव्हतं.
थरथरत्या बोटाखाली एका क चे अकरा क झाले.
मी रिपीट बंद केलं.
शिफ्ट अशी लावली की एकदा दाबून सोडली
तरी ती पुढच्या अक्षरासाठी थांबते.
"चांगली आहे," बाबा म्हणाले,
"आमच्या कोर्टातल्या शिपायाइतकी घाई नाही तिले."

रात्री पलंगावर पडल्या पडल्या मोबाइल.
स्क्रीनवरचा कीबोर्ड उंच केला, डावीकडे सरकवला,
आवाज पूर्ण, थरथर पूर्ण.
पहिला निरोप बारापात्रे काकांना:
मले बरं वाटून राह्यलं.

स्क्रीननं मले चं मला केलं.
बाबांनी खोडलं, पुन्हा लिहिलं.
पुन्हा मला.
तिसऱ्यांदाही.
"तुमचं चुकत नाही," मी म्हटलं, "तो आपल्या मनानं सुधारते."

बराच वेळ नुसता कुलर बोलत होता.
मग म्हणाले,
"मीबी हेच केलं ना, बाई."

उमरेडकडून एक बाई आलती.
म्हने, माह्या नवऱ्यानं मले घराबाहेर काढलं जी.
मी लिहिलं:
अर्जदारास तिच्या राहत्या घरातून
बेकायदेशीररीत्या निष्कासित करण्यात आले आहे.
वाचून दाखवलं.
शेवटपर्यंत ऐकलं तिनं, पदरानं घाम पुसला
अन् इचारलं,
"हे कोनाचं व्हय, भाऊ?"

मी वैयक्तिक शब्दकोश उघडला. रिकामा होता.
मले, जोडा.
तुले, जोडा.
माह्या, काहून, आलती.
बाबा छताकडे पाहून सांगत होते, मी टाकत होते.
आई स्वयंपाकघरातून ओरडली, "भैताड टाकलं का?"
तेही टाकलं.
व्हय पाशी ते थांबले.
"किती मावते यात?"
मला माहीत नव्हतं.

सकाळी निळा कीबोर्ड वाजला,
एका हाताचा, लंगडत.
उठून पाहिलं तर पानावर एकच ओळ,
वर न्यायालयाचं नाव नाही, खाली तारीख नाही:
माह्या नवऱ्यानं मले घराबाहेर काढलं.

"प्रिंट काढू?"
"थांब," बाबा म्हणाले, "नाव आठवू दे तिचं."
पोहे निवले.
कुलरमधलं पाणी संपलं, गवत कोरडं वाजायला लागलं.
नाव काही आठवलं नाही.
मी बादली भरायला उठले.