दहापैकी किती

हॅलो, इंदुमती.
आज तुमचं दुखणं शून्य ते दहापैकी किती?

मेसेज सकाळी नऊला येतो, माझ्या फोनवर.
हॉस्पिटलच्या फॉर्मवर नंबर मीच माझा दिला होता.
नऊला मी डेटनच्या ऑफिसात, मीटिंगमध्ये.
टेबलाखाली, अंगठ्याने: तीन.

पोटरी दुखते का? होय असेल तर एक, नसेल तर दोन.
दोन.
धन्यवाद, इंदुमती. तुमची प्रगती छान आहे.

पाच दिवस आई अशी बरी होत गेली
माझ्या अंगठ्याखाली.

सहाव्या दिवशी बर्फाने रस्ते बंद, मी घरी.
ती वॉकर सोडून सिंकपाशी उभी,
चहाच्या भांड्याचं बूड घासत.
फोन वाजला म्हणून विचारलं, सहज:
आई, दहापैकी किती दुखतंय?

एकतीस वर्षं पेपर तपासलेत तिने, साताऱ्याला, कन्याशाळेत.
"दहाला दहा म्हणजे पास की नापास?"
मग हात पुसून, वर्गात सांगावं तसं:
"गुडघा ठणकतो, तो रात्री. टाके चुरचुरतात.
मांडीला रग लागते. ते चालायचंच.
पोटरीत मात्र चार दिवस गोळा आल्यासारखं आहे,
बोट लावलं की कळ जाते.
यातलं कुठलं लिहायचं?"

मी खाली बसलो. मोजा उतरवला.
पोटरी गरम, तुकतुकीत,
मोज्याच्या शिवणीचा वळ तिच्यात रुतलेला.
एक, असं लिहिलं.

चार मिनिटांत फोन. या वेळी माणसाचा.
लोरेटा नावाची नर्स, आवाज बसलेला,
मागे कुणीतरी टोस्टर लावत होतं.
आत्ता निघा, म्हणाली.

मीठ टाकणाऱ्या ट्रकच्या मागे मागे
वीस मिनिटांचा रस्ता सव्वा तास.
मागच्या सीटवर पाय लांब करून आई,
मांडीवर पर्स, पर्समध्ये पासपोर्ट, उगीचच.

गुठळी लहान होती.
वेळेत आणलंत, डॉक्टर मला म्हणाल्या.
मी मान हलवली. काही बोललो नाही.

रात्री, हॉस्पिटलच्या पलंगावर,
तिने माझा फोन मागितला. चष्मा पुसला.
वरून खाली सगळे मेसेज वाचले,
माझी उत्तरंही.

"नावाने हाक मारतो की रे हा."
तिला इंदुमती कोणी म्हणत नाही.
आई, वहिनी, शाळेत बाई;
बाबांचं तर जन्मभर नुसतं "ऐकलंस का".

"रोज मारायचा?"
रोज.
"आणि ओ कोण द्यायचं?"