व्हिनेगर

ला रोशेलच्या धक्क्यावरून
दोन पिंपं चढली बोटीत.
एकात मी, एकात तिमोते.
वर खडूनं लिहिलेलं : व्हिनेगर.

अंबाड्यात खोचलेलं स्तोत्रांचं पुस्तक,
अंगठ्याएवढं,
मानेला टोचत होतं.
राजाचे शिपाई खाली गंधक जाळून गेले :
जो खोकेल तो सापडेल.
मी मूठ तोंडात कोंबली.
देवाचं नावही आतल्या आतच घेतलं.

मग अंधारात लाकडावर टकटक केली.
दोनदा.
पलीकडून उत्तर आलं. दोनदा.

रात्रभर बोललो असे.
मागे राहिलेल्या शेळीसाठी रडले मी,
आईला एकदा शिव्या दिल्या,
आणि पहाटे कधीतरी
त्याला होकार देऊन टाकला.

प्लिमथला झाकण निघालं
तर त्याचं पिंप पार दुसऱ्या टोकाला,
आणि हा आत गाढ झोपलेला,
तोंड उघडं, केसांना आंबूस वास.
माझ्या शेजारी एक सुटी साखळी
लाटेसरशी फळीवर आपटत होती.
दोनदा.

तेहतीस वर्षं झाली.
लंडनच्या या गल्लीत मागावर रेशीम विणताना
तो अजून विचारतो :
ऑलिंप, मला हो कधी म्हणालीस गं?

तू झोपला होतास, मी सांगते.

तो हसतो. त्याला वाटतं, थट्टा.