वाळल्यावर

खिडकी सरकेना म्हणून पडदा बाजूला केला,
तर चौकटीतून काहीतरी उतू गेलेलं,
पिवळट, टणक,
कुकरबाहेर आलेल्या खरवसासारखं.

सासऱ्यांनी परवा रात्री घरातली
भोकं बुजवली. सगळी.
एसीच्या पाइपाशेजारचं, ठीक.
एक्झॉस्टच्या जाळीमागचं, तेही समजू शकते, कबुतरं.
पण स्लायडिंगची खाच?
आणि गॅलरीच्या दाराचं किल्लीचं भोक?

डब्यावर लिहिलं होतं, थोडंच भरा, फुगतं.
चष्मा टीव्हीवर होता.
आम्ही झोपलो आणि ते वाढत राहिलं,
चौकटीवरून कडाप्प्यावर आलं,
मिसळणाच्या डब्याला चिकटून वाळलं.

समोरच्या कुंजम्मा म्हणाल्या, खोबरेल लाव.
त्या सगळ्यालाच खोबरेल सांगतात.
मी लावलं. मग नेलपॉलिशचं रिमूव्हर,
मग रंगाऱ्याने विसरलेलं टर्पेंटाइन.
फोम नुसता चकाकला.

सासरे स्टुलावर बसून बघत होते.
एकतीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडवर
दोन पिंपांतलं एकत्र करायची त्यांची नोकरी,
तिसरं काय होतं ते त्यांना पाठ.
"ओलं असताना पुसलं तर निघतं.
वाळल्यावर ते कशातच विरघळत नाही."
आणि थोड्या वेळाने, चहा मागावा तसं,
"खरवडायचं."

काच सोपी. पातं आडवं धरलं
की पापडासारखा सुटतो.
कडाप्प्यावरून जातो, पण डाग ठेवून,
ओल्या भांड्याच्या बुडाएवढा.
ॲल्युमिनियमवर जोर केला तर ओरखडा,
नाही केला तर फोम.
दारावर मी हरले:
तो निघाला, सोबत पॉलिश घेऊन निघाला,
खाली कोरं लाकूड, नुकत्याच निघालेल्या खपलीखालचं.
मिसळणाचा डबा तसाच ठेवला.
झाकण लागतं, पुरे.

आत जाळीच जाळी, अनारशासारखी.
भुगा केसांत, डाळीत,
मनगटावर एक ठिपका, दगडाने घासला तरी तिथेच.
"तो चार दिवसांनी जाईल," सासरे म्हणाले,
"कातडी बदलते तेव्हा."
स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाले.

का बुजवलंत, मी तीनदा विचारलं.
तिसऱ्यांदा पॉलिशपेपरला सांगितल्यासारखे बोलले,
"वास येतो."

रात्री तीनचा. घणसोलीत कोणाला माहीत नाही तो?
सोसायटीचे मोकल दर महिन्याला अर्ज लिहितात,
आम्ही नाकाला ओढणी लावून खाडीला नावं ठेवतो.
सासूबाई होत्या तेव्हा
त्यांचा युनिफॉर्म गॅलरीतच उतरवून घ्यायच्या,
दोन बादल्या पाणी, वर रिठा,
मग कुठे ताट.
तरी उशीला यायचा म्हणे.

संध्याकाळी खिडकी सरकली. चार बोटं.
मी एकटीच टाळी वाजवली.

आणि रात्री तो आलाच,
गोडसर, घशाला खवखव लावणारा.
उठून गेले तर हे आधीच तिथे,
अंधारात, स्टुलावर,
नाक वर करून, आमटीची फोडणी ओळखावी तसे.
"गॅस्केट गेलंय," म्हणाले.
"तिसऱ्या पाळीला कोणीतरी नवीन पोरगा आहे.
झाकण घाईत उघडतो."
जरा थांबून, "त्याला कोणी सांगायला हवं."

मी खिडकी ओढली.
पुरती लागत नाही ती,
खाचेत अजून कुठेतरी एक कण आहे.
सकाळी काढीन म्हटलं.
ते म्हणाले, "असू दे."