प्रश्न क्रमांक एकतीस

पन्नास विधानांची प्रश्नावली घेऊन
मेच्या दुसऱ्या आठवड्यात
मी नंदनवनला गुणवंतमामाकडे गेले.
मामा अंगणात कूलरच्या ताट्यांत वुडवूल भरत होता,
दातांत बारीक तार धरून.

'मला पटकन राग येतो.'
पूर्ण असहमतपासून पूर्ण सहमतपर्यंत, पाच चौकोन.
मामानं तोंडातली तार काढली :
'कोन्त्या महिन्यात?'
मी म्हटलं, तसं नाही, एकूण. स्वभाव म्हणून.
'एकूण तं कोनीच नसते, पोरी.
धरमपेठेत जे मोटर मांजरीवानी घुरघुरते
तेच आपल्या घरी टिनावानी वाजते.
मोटर तेच हाय. स्टँड हालते.'

हे मी समासात लिहिलं, मग खोडलं.
समास मोजता येत नाही, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

'अनोळखी लोकांशी मी सहज बोलतो.'
सहमत. बावीस वर्षं लोकांच्या खिडक्यांबाहेर लोंबकळत
त्यानं घरं आतून पाहिलीत.
होळी झाली की कूलर लावणारे वेगळे,
नवतपा लागेपर्यंत दम धरणारे वेगळे,
आणि कूलर लावूनही पंप सुरू न करणारे,
गरम वारा खात 'बरं वाटते' म्हणणारे :
'त्याईले काय म्हन्तेत तुह्या पुस्तकात?'
मी पान उलटलं.

एकतीस. 'झालेल्या चुका मी सहसा विसरतो.'

मामानं पंप लावून पाहिला.
पाणी तिन्ही ताट्यांवरून सारखं उतरलं,
तरी तो बघत राहिला.
ती दुपार सगळ्या घराला ठाऊक आहे :
सत्तेचाळीस अंश, बारावीचा निकाल, मामाचा हात.
नितेश तेव्हापासून हिंगण्याला राहतो,
फोन मामीला करतो.

'मधलं लिव्ह,' मामा म्हणाला.

घरी येऊन बेरीज केली.
तापटपणा : सरासरी.

स्वभाव टिकतो का, हे पाहायला
तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यावी लागते.
डिसेंबरात गेले. कूलर जुन्या लुगड्यात बांधलेला,
मामा कानटोपी घालून उन्हात.
त्यानं भराभर सांगितलं, जवळजवळ तेच,
मी टिका करत गेले.

एकतीसला म्हणाला, 'हे पुन्ना वाच.'
मी वाचलं.
'अजून एकडाव.'